चित्रांतील प्राणी : दिसणारे, लोपलेले आणि कल्पिलेले

प्राण्याचें चित्र काढणें ही गोष्ट जितकी सोपी वाटते तितकी ती नाहीं. पाटीवर बैल काढावयास सांगितला तर पांच वर्षांचें मूलहि एक आडवी काकडी, तिला चार काठ्या आणि दोन शिंगें काढून मोकळें होतें. आणि पाहणारेहि 'हा बैल' असें बिनदिक्कत म्हणतात. परंतु तो बैल नव्हे; 'बैल' या शब्दाची ती खूण होय. खुणेपासून चित्रापर्यंतची वाट मोठी अवघड आहे. जो प्राणी डोळ्यांसमोर उभा आहे, जो पृथ्वीवरून नाहींसा झाला आहे आणि जो कधींच नव्हता, अशा तीन प्रकारच्या प्राण्यांसाठीं ती वाट तीन तऱ्हांनीं चालावी लागते. हा विषय केवळ चित्रकारांपुरता आहे असें मात्र समजूं नये. ज्या घरांतील मुलांना वाघ, हत्ती आणि माळढोक हे प्रथम पुस्तकाच्या पानावरच भेटतात, त्या प्रत्येक घराचा तो विषय आहे.

हे तिन्ही प्रकार एकाच मुलखांत पाहावयाचे असतील तर बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रम हें गांव मध्यबिंदु धरावें. शुकदास महाराजांनीं स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळें या गांवाचें नांव दूरवर गेलें. भोंवतालच्या शेतांत बैल आहेत, बांधांवर बगळे आणि टिटव्या आहेत. जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत अस्वल, बिबट्या आणि नीलगाय यांचा वावर आहे. पायाखालची भूमि काळ्या पाषाणाची. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे जे थरांवर थर पसरले, त्यांचा हा पाषाण. आणि त्याच सुमारास डायनोसोर या प्रचंड प्राण्यांचें युग पृथ्वीवर संपलें. शेजारच्या लोणार येथील उल्काघाताचें विवर याच पाषाणांत पडलेलें आहे. विदर्भ-मराठवाड्यांतील जुन्या मंदिरांच्या शिल्पकारांनीं व्याल, मकर आणि कीर्तिमुखें कोरलीं तींहि बहुतांशीं याच दगडांत. जिवंत प्राणी या दगडावर वावरतात, लोपलेल्यांचे अवशेष त्याच्या बुडाशीं असलेल्या थरांत सांपडतात, आणि कल्पित प्राणी त्याच्याच अंगांतून बाहेर काढलेले आहेत.

प्रथम दिसणाऱ्या प्राण्यांचा विचार करावा. बैल हा या मुलखांतील सर्वांत परिचित प्राणी. पोळ्याच्या दिवशीं त्याला न्हाऊं घालतात, त्याचीं शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालतात. विदर्भांत तर तान्ह्या पोळ्याला मुलें लांकडी बैल मिरवितात. परंतु अतिपरिचयामुळेंच त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाहीं. बैलाच्या मागील पायाचा गुडघा उलट्या दिशेनें वांकतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुत: जो सांधा मागें वळलेला दिसतो ती त्याची टांच होय, खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेशीं, कातड्याखालीं दडलेला असतो. तसेंच पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणून दाखविला जातो तें त्याचें मनगट. बैल, घोडा आणि हरिण हे बोटांच्या अग्रांवर, म्हणजे खुरांवर उभे राहतात. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात. अस्वल मात्र माणसाप्रमाणें सारा तळवा भुईला टेकतें. एवढी एक गोष्ट उमगली कीं शेंकडों प्राण्यांचे पाय चित्रांत आपोआप ताळ्यावर येऊं लागतात. कारण सांगाडा सर्वांचा एकाच बांध्याचा आहे, फरक कोठें लांबी वाढली आणि कोठें आंखुडली एवढ्याचाच.

म्हणून जाणता चित्रकार केंसांपासून किंवा डोळ्यांपासून आरंभ करीत नाहीं; तो कण्यापासून करतो. मस्तकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जाणारी एक रेघ तो प्रथम ओढतो. प्राणी उभा आहे, दबा धरून बसला आहे कीं उडी घेत आहे, हें त्या एका रेघेंतच ठरतें. मग छातीचा पिंजरा आणि पुठ्ठे यांचे दोन अंडाकृति गोळे, त्यांना जोडलेले पायांचे सांधे, आणि अंगाचा भार कोणत्या पायावर आहे याचा अंदाज. बाहेरची कड त्यानंतर येते. वशिंड, पोळी, शेपटीचा गोंडा आणि अंगावरील ठिपके सर्वांच्या शेवटीं. याच क्रमामुळें खिल्लार बैल आणि गवळाऊ बैल यांतला भेदहि स्पष्ट होतो. खिल्लाराचीं लांब शिंगें मागें जाऊन वर उभारतात, गवळाऊचीं आंखूड असतात. पण खिल्लाराची मान ज्या डौलानें ताठ राहते तो डौल कण्याच्या रेघेंत नसेल तर शिंगें कितीहि लांब काढलीं तरी तो खिल्लार होत नाहीं.

डोळा फसतो याचें उत्तम उदाहरण म्हणजे धांवणारा घोडा. पुढचे दोन्ही पाय पुढें आणि मागचे दोन्ही मागें ताणलेले, अशा रीतीनें भरधांव घोडे चितारण्याचा प्रघात होता. १८७८ सालीं एडवर्ड मायब्रिज यानें कॅलिफोर्नियांत ओळीनें कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचीं छायाचित्रें घेतलीं. चारी खुर एकदम भुईपासून सुटतात हें त्यांवरून सिद्ध झालें. पण त्या क्षणीं पाय ताणलेले नसून पोटाखालीं गोळा झालेले असतात, हेंहि दिसून आलें. ज्या जनावरावर माणसानें हजारों वर्षें स्वारी केली, त्याची चाल त्याला नीट दिसलेली नव्हती!

तरी यंत्राच्या साह्यावांचून डोळा किती खोल पाहूं शकतो, याचा पुरावाहि जवळच आहे. अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यांतून पुढें जाते. त्याच रांगेच्या कुशींत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत छतावर कमळांच्या मधून दौडत जाणारा जो हत्ती आहे, त्याच्या अंगाचा भार आणि त्याचा उल्हास हीं दोन्ही रेघेच्या एकाच वळणांत उतरलीं आहेत. त्याच लेण्यांतील एका स्तंभशीर्षावर चार हरणें कोरलीं आहेत. चौघांना मिळून मस्तक एकच. कोणत्याहि एका धडाकडे पाहिलें तरी तें मस्तक त्याचेंच वाटतें. ज्या कारागिरानें हरणाची मान वळतांना वारंवार पाहिली नसेल त्याला हें कौतुक साधणें शक्य नव्हतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत नष्ट झाल्या. चित्र हेंहि प्राण्यासारखेंच नाशवंत आहे, ही गोष्ट त्यावरून ध्यानांत यावी.

आतां लोपलेल्या प्राण्यांची कथा. त्यांतील सर्वांत जवळचा चित्ता. अंगावरील चित्रविचित्र ठिपक्यांवरून संस्कृतांत त्याला 'चित्रक' म्हटलें, आणि हेंच नांव पुढें साऱ्या जगांत गेलें. कोल्हापूर संस्थानांत शिकारीसाठीं चित्ते पाळीत. येथले चित्ते दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेंतून आणवीत. १९४७ सालीं आजच्या छत्तीसगडांत असलेल्या कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. भारतांतील चित्त्यांची ती अखेरची निश्चित नोंद समजली जाते. १९५२ सालीं चित्ता देशांतून नामशेष झाल्याचें जाहीर झालें. २०२२ सालीं नामिबियांतून आणि २०२३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतून चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या जंगलांत सोडण्यांत आले; तथापि मधल्या सत्तर वर्षांत मराठी घरांतून चित्त्याची ओळख पार पुसली गेली. आजहि बिबट्या दिसला असतां 'चित्ता आला' अशी हूल उठते, आणि चित्त्याच्या चित्राखालीं बिबट्या छापला जातो. दोघांतील भेद थोडक्यांत सांगतां येतो. बिबट्याच्या अंगावर पोकळ पुंजके असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रु ओघळल्यासारखी काळी रेघ असते. त्याचें मस्तक लहान, छाती खोल, कंबर बारीक आणि पाय लांब. बिबट्या झाडावर चढण्यासाठीं घडलेला आहे, चित्ता माळावर धांवण्यासाठीं. हा भेद ज्याच्या हातांत उतरला, तो पुढें कधीं 'चित्ता आला' म्हणून ओरडणार नाहीं. आणि बिबट्याच्या रानाशेजारीं राहणाऱ्या गांवांत हें ज्ञान शोभेचें नव्हे.

चित्त्याचीं छायाचित्रें तरी आहेत. ज्याचीं केवळ हाडें उरलीं त्याचें काय? चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें लाव्हारसाच्या काळांतील थरांत एका लांबमान्या, शाकाहारी डायनोसोरचा सांगाडा सांपडला. १९९७ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि २००३ पासून तो 'इसिसॉरस' या नांवानें ओळखला जातो. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हें नांव दिलेलें आहे. मणके आणि पुढच्या पायाचीं हाडें मिळालीं, परंतु कवटी मिळाली नाहीं. तरीहि पुस्तकांत त्याचें संपूर्ण चित्र दिसतें. तें कसें काढतात? स्नायु जेथें चिकटलेले असतात तेथें हाडावर खरबरीत खुणा राहतात. त्यांवरून मांसाची जाडी ठरते. सांध्याच्या आकारावरून पाय किती वांकत असेल हें कळतें. कवटी त्याच्या जातभाईंच्या कवटीवरून घेतात. आज जिवंत असलेल्यांपैकीं डायनोसोरांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे पक्षी आणि सुसरी. हाडें जेथें मुकीं असतात तेथें त्यांना विचारावें लागतें. आणि रंग? बहुतेक प्रसंगीं तो चित्रकाराच्या तर्काचा असतो. यास्तव प्रामाणिक चित्रकार मिळालेलीं हाडें एका रंगानें आणि तर्कानें भरलेलीं दुसऱ्या रंगानें दाखविणारी एक आकृति शेजारीं देतो. साक्षीदारानें पाहिलेलें आणि ऐकलेलें वेगळें सांगावें, तसाच हा न्याय.

हा न्याय न पाळल्यास काय होतें, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत गिडिअन मँटेल यास इग्वानोडॉन नांवाच्या डायनोसोरचीं हाडें मिळालीं. त्यांत एक टोंकदार, शिंगासारखें हाड होतें. गेंड्याच्या शिंगाप्रमाणें त्यानें तें नाकावर बसविलें. १८५४ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानांत या प्राण्याचे प्रचंड पुतळे उभारले गेले तेहि नाकावर शिंग घेऊनच. पुढें १८७८ सालीं बेल्जममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणींत या जातीचे अनेक सांगाडे सांपडले, तेव्हां कळलें कीं तें नाकावरचें शिंग नसून हाताच्या अंगठ्याची नखी होती. पुतळे मात्र त्या बागेंत अद्याप उभे आहेत.

मँटेलला ज्या गेंड्याची आठवण झाली, तो स्वत: चित्रांच्या जगांत तिन्ही प्रकारांतून गेलेला आहे. १९७४ सालीं आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरा नदीच्या काठीं दायमाबाद येथें कांशाच्या चार भरीव वस्तु सांपडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चारांचें मिळून वजन साठ किलोहून अधिक. पुष्कळ विद्वान त्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या, उत्तर हडप्पा काळांतील मानतात. महाराष्ट्राच्या रानांत आज गेंडा नाहीं. परंतु ज्या परंपरेंतून ही मूर्ति आली तिला गेंडा ठाऊक होता, हें तिच्या बोजड आणि ठाम उभें राहण्यावरूनच पटतें. कोंकणच्या सड्यांवर कोरलेल्या कातळशिल्पांतहि आज कोंकणांत नसलेले प्राणी अभ्यासकांनीं ओळखले आहेत; तेथील कशेळीचा हत्ती तर सुमारें १८ मीटर लांब आहे. चित्रकार असा नकळत इतिहासकार होतो.

गेंडा कल्पित कसा झाला त्याची हकीकत गोव्यापासून सुरू होते. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहानें पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. १५१५ च्या जानेवारींत तो गोव्याहून गलबतांत चढविण्यांत आला आणि त्या वर्षीं २० मे रोजीं लिस्बनला पोंचला. रोमन बादशाहीनंतर युरोपनें जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याचें एक रेखाटन आणि वर्णनाचें पत्र जर्मनींत न्यूरेंबर्गला गेलें, आणि तेथें आल्ब्रेख्त ड्यूरर या थोर चित्रकारानें, गेंडा एकदांहि न पाहतां, त्याचा लांकडी ठसा कोरला. भारतीय गेंड्याच्या कातड्याला ज्या मोठ्या घड्या असतात त्या ड्यूररच्या हातीं चिलखताचे पत्रे झाल्या. पुठ्ठ्यांवरच्या गांठी खिळ्यांसारख्या दिसूं लागल्या. पायांवर खवले आले. आणि खांद्यावर एक दुसरें, लहानसें, पीळदार शिंग उगवलें. खरा गेंडा पुढल्या वर्षीं पोपकडे पाठविला जात असतां इटलीच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटून बुडाला. कागदी गेंडा मात्र दोनशें वर्षांहून अधिक काळ युरोपच्या पुस्तकांत हिंडत राहिला. अठराव्या शतकाच्या मध्यास क्लारा नांवाची एक भारतीय गेंडीण युरोपभर फिरविली गेली आणि चित्रकारांनीं तिला समोर उभी करून चितारलें, तेव्हां कोठें खांद्यावरचें तें शिंग गळून पडूं लागलें. थोर हाताची चूक सामान्य हाताच्या चुकीपेक्षां अधिक जगते. कारण ती सुंदर असते.

शेवटीं उरला कल्पित प्राणी. येथें कोणतीहि परीक्षा नाहीं, म्हणून हा प्रकार सर्वांत सोपा, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु मनुष्याच्या कल्पनेला नवा अवयव निर्माण करतां येत नाहीं. पाहिलेल्या अवयवांची नवी जुळणीच तिला साधते. मकराला हत्तीची सोंड, सुसरीचा जबडा आणि माशाची शेपटी. व्यालाला सिंहाचें धड. गंडभेरुंड म्हणजे एका धडावर गरुडाचीं दोन मस्तकें. तेव्हां ज्याला सिंह येत नाहीं त्याला व्याल येणार नाहीं. खरी कसोटी असते ती सांध्याची. गणपति, नरसिंह आणि हयग्रीव यांच्या मूर्ति पाहाव्या. मस्तक प्राण्याचें, धड माणसाचें. आणि दोहोंची जोड नेमकी गळ्याशीं, आयाळीच्या किंवा हारांच्या आड. मूर्तिकारानें ती अशी झांकली आहे कीं पाहणाऱ्याला कोठेंहि खटकत नाहीं. पंखांचा चतुष्पाद याहून अवघड. पक्ष्याचा पंख हा मुळांत त्याचा पुढचा पाय होय. म्हणून चार पायांच्या पशूला पंख लावले कीं त्याला सहा अवयव झाले. ते पंख पाठीवर कोठेंतरी चिकटविले तर चित्र खोटें दिसतें; खांद्याच्या फऱ्यामागून, स्नायूंच्या उभारीसह काढले तरच तो प्राणी उडेल असा विश्वास वाटतो.

मानाचा प्रश्नहि असाच. महाराष्ट्राच्या पुष्कळ किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आढळतो. जंजिऱ्याच्या दरवाजावरील पशूनें तर पंजांत आणि शेपटीच्या विळख्यांत हत्ती धरले आहेत. शिल्पकारानें शरभाची उंची आंकड्यांनीं सांगितली नाहीं. त्यानें हत्ती लहान केला. जो प्राणी सर्वांना ठाऊक आहे त्याला मापाची काठी करून, जो कोणालाच ठाऊक नाहीं त्याचें सामर्थ्य मोजून दाखविलें. दरवाजांतून आंत शिरणाऱ्या परक्यास जें सांगावयाचें होतें तें असें एका अक्षरावांचून सांगितलें गेलें.

या तिन्ही प्रकारांचें मूळ एकच, आणि तें म्हणजे पाहणें. खऱ्या प्राण्यांत तें प्रत्यक्ष असतें, लोपलेल्यांत अनुमानानें येतें, कल्पितांत उसनवारीनें. परंतु पाहावयाचे प्राणीच उरले नाहींत तर पुढच्या दोन्ही प्रकारांचा झराहि आटेल, आणि हें भय काल्पनिक नाहीं. माळढोक हा पक्षी एके काळीं महाराष्ट्राच्या माळरानांवर सहज दिसे. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजच्या परिसरांत अभयारण्य घोषित झालें; तरीहि आज तो राज्यांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे, आणि साऱ्या देशांत मिळून उरलेल्यांची संख्या दोनशेंच्या आंतच धरली जाते. सुमारें मीटरभर उंचीचा, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा हा पक्षी. त्याच्या पायाला मागचें बोट नसतें, पुढचीं तीनच असतात. म्हणून तो झाडाच्या फांदीवर बसत नाहीं, जन्मभर माळावरच चालतो. सवयीनें जो चित्रकार त्याला चौथें बोट काढील, तो न कळत त्याला झाडावर बसवील, आणि माळ मोडले तरी याला झाडें आहेतच, असा खोटा दिलासा पाहणाऱ्यास देईल. एका बोटाचें हें मोल आहे.

पुढें कदाचित् असा दिवस येईल कीं माळढोकाविषयीं मुलांना जें कांहीं कळेल तें चित्रावरूनच. त्या दिवसापुरती तयारी म्हणून नव्हे, तर तो दिवस येऊं नये म्हणून घरोघर मुलांच्या हातीं पेन्सिल द्यावी, आणि चित्राच्या पुस्तकावरून नक्कल करण्यापूर्वीं त्यांना खिडकींतला कावळा, अंगणांतलें मांजर, रस्त्यावरचा बैल यांच्यापुढें अर्धा तास बसवावें. पहिलीं दहा चित्रें बिघडतील. अकराव्या वेळीं मूल आपण होऊन विचारील, 'याचा गुडघा कोठें आहे?' तो प्रश्न ज्या मुलाला पडला त्याला पुढें हाडांवरून प्राणी उभा करतां येईल, शरभालाहि पंख लावतां येतील, आणि एखादा प्राणी माळावरून कमी होऊं लागला तर ती उणीवहि त्याच्याच ध्यानांत प्रथम येईल.